दहा इंची पान्याचं शुद्धिपत्र

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय विद्युल्लताताई जहागीरदार, धारच्या आपल्या भगिनी-संस्थेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती भगवंतराव पांचाळ, त्यांच्या शेजारी नाइलाजानं खुर्चीवर बसवलेल्या यमुनावहिनी, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आणि मागच्या टेबलावरच्या कचोरीचा वास येत असूनही माझ्याकडे तोंड करून बसलेल्या देवास-धारच्या बंधुभगिनींनो,

आपले चिटणीस अंशुल यांनी मला आत्ताच कानात सांगितलं, "बापूकाका, पाच मिनिटांत निपटवा हं." आता पाच मिनिटं मला संबोधनालाच लागतात, हे त्याला ठाऊक नाही असं नाही. पण तरुण माणूस आहे, आशा सोडत नाही.

भगवंतराव परवा देवास सोडून मुलाकडे धरमपुरीला कायमचे राहायला जात आहेत. त्यांच्याबद्दल बोलायला मला सांगितलं, यात मंडळानं दोन चुका केल्या. एक तर मला अवजारांतलं काही कळत नाही. दुसरी चूक कोणती, ते बोलता बोलता येईलच.

नव्या सभासदांसाठी थोडा इतिहास सांगतो. आपल्या मंडळाचं मराठी ग्रंथालय मी सव्वीस वर्षं सांभाळलं. पुढे वाचक कमी झाले. मुलं हिंदी शाळांत शिकली. मराठी बोलतात गोड, पण जोडाक्षर आलं की स्पीडब्रेकर आल्यासारखी थांबतात. कपाटं रिकामी होऊ लागली. तेव्हा भगवंतरावांनी कार्यकारिणीपुढे एक सूचना मांडली. ते कारखान्याच्या टूलरूममधून नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, "घरोघरी वर्षातून दोनदा पाना लागतो, चारदा पक्कड लागते. प्रत्येकानं कशाला विकत घ्यायची? पुस्तकं देता तशी अवजारं द्या की!"

झालं. कवितासंग्रहांचं कपाट रिकामं करून त्यात हातोड्या ठेवल्या. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही.

पण ग्रंथपाल तो ग्रंथपाल. मी अवजारांनाही दाखल-क्रमांक दिले. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालायची माझी सवय. तो मी पटाश्यांच्या खणातही घातला, चांगला हिरवागार, दमट. पंधरा दिवसांनी भगवंतरावांनी खण उघडला, गंजलेली पटाशी उचलली, पाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बापू, हिला भाजीबरोबर शिजवायचं होतं काय?"

आता त्यांच्या कामाकडे येतो. आम्ही जी अवजारं घेत असू ती मधल्या किमतीची. भगवंतराव म्हणायचे की अगदी स्वस्त अवजार प्रामाणिक असतं. मी मोडणार आहे, हे ते दुकानातच सांगतं. अगदी महागही प्रामाणिक असतं. खोटं बोलतं ते मधलं. वरून चकचकीत मुलामा, खोक्यावर सिंह नाहीतर गरुड, आणि आत काय आहे ते आपल्या नशिबावर. म्हणून दर रविवारी सकाळी दहा वाजता ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. समोर एक कानस, एक दोरा, एक भिंग आणि कालचं वर्तमानपत्र. एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

पाना दोऱ्याला टांगायचा आणि खिळ्यानं हलकेच वाजवायचा. घडीव लोखंड असेल तर घंटेसारखा नाद लांबत जातो. ओतीव असेल तर थाप मारल्यासारखा आवाज येऊन तिथेच संपतो. पक्कड मिटून खिडकीच्या उजेडाकडे धरायची. दोन्ही टोकांमधून उजेडाची रेघ दिसली की ती बाजूला. पेचकसाच्या टोकावर कानस फिरवायची. कानस लोण्यात जावी तशी शिरली तर पेचकस नरम. हातोडीच्या दांड्यातल्या लाकडाच्या रेषा उभ्या आहेत की आडव्या, ते भिंगानं पाहायचं. मी शेजारी बसून तो नाद ऐकायचो आणि मला धारच्या आमच्या शाळेची घंटा आठवायची, ओसरीवर बसून एका सुरात म्हटलेल्या कविता आठवायच्या, बाहेरची चिंच, गुरुजींची छत्री...

अंशुल घड्याळ दाखवतोय. असो. कानशीकडे येतो.

भगवंतरावांच्या दोन गोष्टी मी ऐकल्या, पण शिकलो नाही. पहिली ही की चांगलं-वाईट असं नुसतं नसतं, कोणासाठी ते विचारावं लागतं. मंडळाच्या एक सभासद, अंकितची आई, त्यांनी एकदा विचारलं, "भिया, हा पाना घेऊ का तो?" हे म्हणाले, "घरचा नळ आवळायचा ना? मग हा स्वस्तातला पुष्कळ झाला. दुकान घालायचं असेल तर मात्र याला हात लावू नका." दुसरी गोष्ट ही की छापाला भुलू नये. एका कंपनीची पक्कड चांगली म्हणून तिचा पानाही चांगला, असं कधी धरू नये. पक्कड एका भट्टीतून येते, पाना दुसऱ्या. प्रत्येक वस्तू वेगळी वाजवून पाहावी.

आणि त्यांनी तपासलेल्या वस्तूचा शेरा मी वहीत लिहायचो. एका वस्तूला एक पृष्ठ, खाली त्यांची सही, "तपासले. भगवंत पांचाळ." ते मला दोन शब्द सांगायचे: "बरी आहे." मी त्याची बारा ओळींची रसग्रहणं करायचो. पक्कडीला मी "सुबक ओठांची" म्हटलं आहे. एका कानशीला "अबोल पण परखड" म्हटलं आहे. हसा, हसा. देवास, धार, सोनकच्छपर्यंत लोक त्या पृष्ठांचे फोटो एकमेकांना पाठवायचे आणि त्यावरून बाजारात खरेदी करायचे. त्यांचा विश्वास खालच्या सहीवर होता. मला मात्र खात्री होती की तो माझ्या विशेषणांवर आहे.

आता माझी कथा सुरू होते, तेव्हा जरा सावरून बसतो.

चार वर्षांपूर्वी भगवंतराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इंदूरला गेले. जाण्याआधी त्यांनी आठ वस्तू तपासल्या होत्या. शेरे लिहायला मला वेळ लागतो, विशेषण सुचावं लागतं, म्हणून त्यांनी कोऱ्या पृष्ठांवर सह्या करून ठेवल्या. म्हणाले, "आठ आहेत, तुम्ही सावकाश लिहा." डोळ्यांना कमी दिसत होतं. दोन पृष्ठं एकदम उलटायच्या भीतीनं मोजणी चुकली असेल. सह्या नऊ झाल्या.

आठ शेरे मी लिहिले. नववं पृष्ठ कोरं, खाली सही. आणि त्याच आठवड्यात दुकानदारानं नमुन्याला एक दहा इंची पाना पाठवला. छापाचं नाव 'चांदणी'. निळ्या मुठीवर रुपेरी चांदण्या. मी तो हातात धरला, खिडकीतून आकाशाकडे पाहिलं... माझं काय झालं असेल, ते मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय 'चांदणी'ची पक्कड भगवंतरावांनी आधीच चांगली ठरवली होती. एका कवीची एक कविता आवडली की मी त्याचे सगळे संग्रह आणतो, तसंच हेही. दोरा समोर पडला होता. खिळा समोर पडला होता. मी वाजवला नाही. मी कविता केली:

पाना नव्हे हा, मित्राचा हात,
एकदा धरला, सुटे न साथ!

नववं पृष्ठ भरलं. वर माझे दोन चरण, खाली त्यांची सही.

धारला मालनबाई मोटरपंप दुरुस्तीचं दुकान चालवतात. त्या आज सभागृहात आहेत, डावीकडे तिसऱ्या रांगेत. मीच त्यांना आग्रहानं बोलावलं, का ते सांगितलं नाही. तर मालनबाईंनी फोटोतला शेरा वाचला, सही पाहिली, आणि आपल्या दुकानासाठी 'चांदणी'चे सहा पाने आणले. महिन्याभरात नालछ्याजवळ एका शेतात पंपाचा नट सोडवताना पान्याचा जबडा तडकला, हात लोखंडी चौकटीवर आपटला आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ऐन हंगामात दीड महिना प्लास्टर.

त्या बसनं देवासला आल्या. रविवार होता. भगवंतरावांच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा. मालनबाईंनी मोडका पाना टेबलावर आपटला आणि प्लास्टरचा हात पुढे करून म्हणाल्या, "एकदा धरला, सुटे न साथ! देखा काका? सुटला! हे तुम्ही तपासलं होतं? सच बोला."

कवीला आपली कविता कोणी पाठ म्हणावी याची जन्मभर ओढ असते. माझी ती ओढ तिथे कायमची भागली.

भगवंतरावांनी वही मागितली. काळ्या चष्म्यातून पृष्ठ डोळ्यांजवळ नेलं. अक्षर माझं, काव्य माझं, सही त्यांची. मी कपाटाशी उभा होतो, दोन हातांच्या अंतरावर. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "सही माझीच आहे, बाई. चुकलं."

मालनबाई म्हणाल्या, "काका, मी तुमचं नाव बघून डोळे मिटून सामान घेत होते. अब नहीं." आणि गेल्या.

आणि मी? मी त्या वेळी पुस्तकांच्या कपाटाची काच पुसत होतो. ती स्वच्छच होती.

त्या गेल्यावर मला वाटलं, आता हे मला बोलतील. ते एवढंच म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही करू नये, बापू. हे मला टूलरूममध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं." मी मान डोलावली, जणू चूक त्यांची होती आणि मी मोठ्या मनानं ती पोटात घातली.

मंडळींनो, त्यानंतर काय झालं ते आपण पाहिलंच आहे. "पांचाळकाकांची नजर गेली," असं लोक म्हणू लागले. कार्यकारिणीनं वहीतला सहीचा रकाना बंद केला. लोक मोबाइलवर तारे मोजून खरेदी करू लागले. भगवंतराव तरीही दर रविवारी दहाला येऊन बसत, दोरा, कानस, भिंग मांडून. चार वर्षांत फारच थोड्यांनी त्यांना काही विचारलं. यमुनावहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, हे घरातले डबे वाजवून बघतात हो आताशा." मी हसलो आणि विषय काढला तो पावसाळ्यातल्या जांभळांचा. मला वाटायचं, सांगेन पुढच्या रविवारी. असे दोनशे रविवार तरी गेले असतील. आता रविवार संपले. परवा सामानाचा टेम्पो धरमपुरीला जाईल आणि मागे राहील ते "नजर गेलेला मिस्त्री" हे नाव. ते मीच ठेवलं आहे.

तर ही मंडळाची दुसरी चूक. निरोपाच्या भाषणाला त्यांनी गुन्हेगार बोलावला.

पुस्तकात चूक राहिली तर ग्रंथपाल शुद्धिपत्र चिकटवतो. मी ते आज सकाळी नवव्या पृष्ठावर चिकटवलं आहे. ही वही अध्यक्षांच्या हाती देतो आणि शुद्धिपत्र आपल्यासमोर वाचतो. यात विशेषण नाही, याची नोंद घ्यावी.

"पाना, दहा इंची, चांदणी. हा पाना भगवंत पांचाळ यांनी पाहिला नव्हता. त्यांची सही चुकून जास्त झालेल्या कोऱ्या पृष्ठावर होती. शेरा मी लिहिला. मी पाना वाजवला नव्हता. काल वाजवला. ओतीव आहे. मालनबाईंचा हात माझ्यामुळे मोडला आणि मी चार वर्षं गप्प राहिलो."

खाली माझी सही आहे. भगवंतराव, तुम्ही जाण्याआधी ही मंडळी तुमच्याकडे पूर्वीसारखी पाहतील, एवढीच माझी खटपट. माझ्याकडे कसं पाहतील, ते मला या उंचीवरून दिसतंच आहे.

मालनबाई, आपण उभ्या राहिलात. बोला. माइक नाही पोचत? मग मीच मोठ्यानं सांगतो सगळ्यांना. त्या भगवंतरावांना विचारताहेत, "काका, तेव्हा सांगितलं का नाही?"

भगवंतराव म्हणताहेत, "सही बघून तू घेतलंस. सही माझी होती. आणखी काय सांगायचं?"

मालनबाई... एक मिनिट, शांत राहा मंडळी, ऐकू येत नाही... मालनबाई म्हणताहेत की दुकानासाठी नवे पाने घ्यायचे आहेत, तीन छापांचे नमुने आणून ठेवलेत, कोणता घ्यावा ते समजत नाही. धरमपुरीला जाताना काकांनी धारला उतरावं आणि वाजवून सांगावं. आणि माझ्याकडे बोट करून म्हणताहेत, "इनको मत लाना."

भगवंतराव? काय म्हणालात?

"सकाळी येतो. उजेड लागतो."

यमुनावहिनी डोळे पुसताहेत. अंशुल घड्याळ बघायचं विसरला आहे. मी आता आवरतं घेतो.

अध्यक्षांनी बोलण्याची संधी दिली, आपण सर्वांनी कचोऱ्या निवू दिल्या, आणि धारच्या मंडळींनी एवढा प्रवास केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. भगवंतराव आणि यमुनावहिनींना नर्मदेकाठी उदंड आयुष्य लाभो. भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो, माझ्या हातून काही उणं-अधिक झालं असेल तर उदार मनानं क्षमा करावी. मला ती "असेल तर"ची सोय उरलेली नाही. झालं आहे. आपण सर्वांनी लगेच क्षमा करावी असा आग्रहही नाही. ज्या दोघांकडून हवी आहे, ते आत्ता पान्यांविषयी बोलताहेत, आणि मला मध्ये पडायची मनाई आहे.

नमस्कार.