सटवाकाकांचं तिसरं कार्ड

नेकनूरच्या पोस्टात रांगेत माझ्यापुढे एकाच गावचे दोघं उभे होते. तरुण भागवत आणि म्हातारे सटवाकाका. काकांच्या हातात लिहिलेलं पोस्टकार्ड होतं.

"कुणाला कार्ड, काका?"

"तुज्या काकूला."

"माहेरी गेल्यात व्हय?"

"न्हाई, घरीच हाय. तिची शेळी इचारल्याबिगर विकली, तवापसून बोलत न्हाई."

"मग घरीच द्या की हातात."

"हातानं दिलेलं चुलीत घालती. पोस्टमननं आणलेलं मातुर ओसरीवर बसून वाचती. त्याला चहाबी देती."

"आन तुमाला?"

"मला न्हाई."

"मग रांगेत कावून? भाईरच्या पेटीत टाका की."

"शिक्का डोळ्यापुढं बसलेला बरा."

"त्यापरीस फोन करा."

"फोनवर भांडण लांबतंय. कार्डावर तेवढी जागाच न्हाई."

"काय लिवलंय?"

"चुकलो, शेळी माघारी आणतो. उरलेल्या जागेत तब्येतीची चौकशी."

"तब्येत तर रोज बघता की."

"बघतो. पर इचारायला नको का?"

"उत्तर येतंय का?"

"हे तिसरं कार्ड. अजून एकबी न्हाई."

माझ्या पाठीमागून एक म्हातारी पुढे वाकली. तिच्या हातात कोरं कार्ड होतं.

"भागवत, तुज्या काकाला सांग, दोन्ही कार्डांवर पाठवणाऱ्याचा पत्ताच न्हाई. उत्तर धाडू कुटं?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. कार्ड तेवढं उलटं केलं.

"भागवत, पेन दे रं."