मिस यू आजी

नौपाड्यात दातांच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते.

“अहो, मैथिलीचा बंगळुरूहून मेसेज आलाय. ‘मिस यू आजी.’”

“बरं मग?”

“मिस म्हणजे चुकणं ना? परवा तुमची कल्याणची गाडी मिस झाली तसं?”

“अगं, इथे मिस म्हणजे आठवण येणं.”

“आणि बालवाडीत मुलं मला मिस म्हणायची ते?”

“ते बाई म्हणून.”

“तुम्ही केलंत का मला कधी मिस?”

“तू जातेस कुठे, मिस करायला?”

“जाते की आता. नात बोलावतेच आहे. महिनाभर राहीन.”

“महिनाभर? दहा दिवस पुरेत.”

“का हो?”

“नंबर आला वाटतं आपला.”

“अजून चारजण आहेत पुढे.”