बाबारिमिसा, म्हणजे ‘बाबा मला पाहून पळाले’

हे ओलोदुमारे, आभाळाच्या धन्या, प्रत्येक जिवाचं नाव जन्माआधीच ज्याच्या ओठांवर असतं त्या तुला या ओयेवुमीचा साष्टांग दंडवत! माझ्या जिभेला आज सत्य बोलू दे, आणि ऐकणाऱ्यांना हसू थोडं आवरू दे...

कारण हसतात हो लोक! नातवाला कडेवर घेऊन बाजारात जायची सोय उरलेली नाही. कोणीतरी कौतुकानं विचारतं, “बाळाचं नाव काय, बाबा?” आता सांगू नये तर उद्धटपणा, आणि सांगावं तर... आमच्या योरुबा भाषेत नाव म्हणजे उघडंवाघडं वाक्यच असतं, अर्थ निराळा विचारावा लागत नाही! मी सांगतो, “बाबारिमिसा.” बाबा मला पाहून पळाले! समोरचा आधी बाळाकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, मग माझ्या पायांकडे पाहतो. आणि विचारतो, “असं काय पाहिलंत हो बाळात?”

तुम्हाला सांगतो, मी पळालो नव्हतो!

नाव वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. फार जुनं, फार दुर्मिळ नाव आहे ते. माझ्या उभ्या आयुष्यात मी ते एकदाच ऐकलं होतं, तेही लहानपणी. बाळाचा जन्म व्हावा आणि त्याचं तोंड पाहून घरातल्या वडीलधाऱ्यानं लगोलग डोळे मिटावेत, अशा वेळी ते ठेवतात; आमच्याकडे बाप काय, आजा काय, घरचा वडीलधारा तो ‘बाबा’च. ‘पळाले’ या एका शब्दात घरादाराचं रडणं सामावलेलं असतं. ‘अहो, थोडं थांबायचं होतं ना, मांडीवर तरी घ्यायचं होतं ना,’ असा त्यात लाडिक रुसवा असतो. किती सुंदर! किती भावपूर्ण! फक्त त्याला एक अट आहे. बाबांनी मेलं पाहिजे.

आणि मी, देवाच्या कृपेनं, मेलो नाही. इथेच सगळं बिघडलं.

झालं असं की माझी सून मोरेनिके बाळंतपणात अडली. सुईण घामाघूम, माझा मुलगा बोलारिन अंगणात येरझाऱ्या घालतोय, आणि मी आपला गुडघ्यांवर. म्हटलं, प्रभो, आई आणि बाळ दोघं सुखरूप सुटू देत, मी त्याच दिवशी प्रार्थनेच्या डोंगरावर येतो, सात दिवस उपवास करतो, फोनसुद्धा बंद ठेवतो. आणि सुटली हो ती! बाळ रडलं, मी त्याच्या कपाळाला ओठ टेकवले, टोपी पिशवीत घातली आणि निघालो. नवस देवाचा होता, त्याला उद्या येतो म्हणून कसं सांगणार? घाईनं निघालो, हे मी मान्य करतो. पण घाईनं निघणं वेगळं आणि पळणं वेगळं! हा भेद आमच्या इकिरे गावात एकाही माणसाला कळू नये?

बसच्या टपावर चढून पिशवी ठेवली. सुटायला अवकाश होता म्हणून जरा मागच्या बाजूला जाऊन प्रार्थना केली, ती थोडी लांबली... आमेन म्हणून डोळे उघडतो तर बस गेलेली! मी लाकडाच्या लॉरीत बसलो, दुसऱ्या रस्त्यानं डोंगराशी पोचलो, वर चढलो आणि देवाचं नाव घेत बसलो. इकडे ती बस पुलावरून घसरली आणि नदीत कलंडली. माणसं सगळी पोहून वर आली, कोणाचा दात पडला, कोणाची कोंबडी गेली, एवढंच. पिशवीही वर आली. पिशवीत माझं बायबल, माझी टोपी. आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतोय, “एक म्हातारा होता. चढताना मी पाहिला. उतरताना नाही पाहिला.”

खाली माझे लोक नदी धुंडाळताहेत, आणि वर मी गातोय, प्रभो, माझ्या घरी केवढा आनंद दिलास!

आठव्या दिवशी बारसं. ते पुढे ढकलता येत नाही, मयत असो की महापूर. नाव उच्चारायचा मान घरातल्या सर्वांत वडील माणसाचा, म्हणजे माझा. आणि मीच उरलो नाही म्हटल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचा. तिला जुळी आहेत, म्हणून सारा गाव तिला जुळ्यांची आई, इया इबेजी, म्हणतो. तिनं बाळाच्या जिभेवर पाणी लावलं, मीठ लावलं, मध लावला, डोळे पुसले आणि हंबरडा फोडून ते नाव घेतलं. सगळ्या मांडवानं रडत रडत ते मागून म्हटलं.

आणि नेमका त्याच क्षणी मी फाटकातून आत आलो. उपवासानं वाळलेला, पांढरा झगा घातलेला, धुळीनं माखलेला. आनंदानं ओरडलो, “अरे, मला थोडा मध ठेवलात की नाही?”

काय सांगू! आचारी भाताची कढई टाकून पळाले. ढोलवाला ढोल टाकून पळाला. माझी बायको आयोका, जन्मभर गुडघे दुखतात म्हणून रडणारी, ती कुंपणावरून उडी मारून गेली! मोरेनिकेच्या मांडीवर बाळ होतं म्हणून तेवढी जागेवर राहिली, पण डोळे घट्ट मिटून पुटपुटतेय, “बाबा, तुम्ही सुखानं जा, याला नेऊ नका.” एकटं बाळ ओठ चाटत माझ्याकडे टुकुटुकु पाहतंय. आता तुम्हीच न्याय करा, त्या दिवशी कोणाला पाहून कोण पळालं?

पहिली परत आली ती इया इबेजी. लांबूनच काठीचं टोक माझ्या पोटात खुपसून म्हणते, “दादा, खरा आहेस का?”

“खरा आहे गं.”

“मग इतका उशीर?”

“ते राहू दे. नाव बदल.”

“कसं बदलू? नाव मधाबरोबर पोटात गेलं. पोटातला मध बाहेर काढून दाखव, मग बोल.”

“अगं, पण मी जिवंत आहे!”

“ती तुझी चूक, माझी नव्हे!”

आणि आयोका? कुंपणापलीकडून, सुतकाचं काळं लुगडं झटकत झटकत... “बोलारिनच्या बाबा, आयुष्यात एक काम पुरं केलंत का हो तुम्ही? गोठ्याची भिंत अर्धवट, विहीर अर्धवट, आणि आता मरणसुद्धा अर्धवट!”

मी मात्र हिंमत सोडली नाही. माझ्या मनात नाव ठरलेलं होतं, ओपेयेमी. आभार मानणं मला शोभतं! किती सोज्ज्वळ, किती सर्वमान्य नाव! गल्लीत उभं राहून हाक मारली की चार घरांतून ‘ओ’ येते. असं नाव घेऊन पोरगं जन्मभर मान वर करून हिंडलं असतं. नाहीतर उद्या हा मोठा होणार, शाळेत जाणार, लग्नाला उभा राहणार, आणि दर ठिकाणी याच्या नावातून याचा आजा पळत सुटणार! म्हणून पाळकबुवांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, “सुगीच्या उपकारस्तुतीला बाप्तिस्मा देऊ. देवाच्या घरी जे नाव तुम्ही उच्चाराल तेच आयुष्यभराचं.” मी सुगीची वाट पाहत बसलो. तोवर तो ढोलवाला, आयांदिरान, त्याचा तो बोलका ढोल! आमच्याकडचा ढोल नुसता वाजत नाही, शब्द बोलतो, सारा बाजार समजतो. मी दिसलो रे दिसलो की काखेत दाबून, बा-बा-रि-मि-सा... बा-बा-रि-मि-सा... भोपळे विकणाऱ्या बायका लगेच, “वाट द्या गं, बाबा घाईत असतील!”

तुम्हाला सांगतो, मी पळालो नव्हतो!

आणि तेवढ्यात माझा बालमित्र फातोकी आजारी पडला. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी मान हलवली, पोरांनी कफनाचं कापड आणलं. त्याच आठवड्यात त्याच्या लेकीला मुलगी झाली. फातोकीनं अंथरुणातून बोट वर करून सांगितलं, “हिचं नाव बाबारिमिसा ठेवा. ओयेवुमीच्या घरी तेच नाव ठेवलं आणि गेलेला माणूस परत आला. मृत्यू दारात येतो, नाव ऐकतो, म्हणतो, इथलं काम उरकलेलं दिसतं, आणि पुढे जातो.” आणि पुढच्या आठवड्यात हा गृहस्थ उठून बसला हो! कुटलेलं कोनफळ दोनदा मागून खाल्लं!

झालं! ज्याच्या घरी म्हातारा खोकतोय त्याच्या घरी बाबारिमिसा. मुलगा असो, मुलगी असो, बाबारिमिसा. साऱ्या मुलुखात शोधून सापडलं नसतं ते नाव आता गल्लीत हाकारा, पाच दारांतून बाळं रांगत बाहेर येतात. गावातले सगळे म्हातारे निवांत घोरताहेत, आणि पळपुटा म्हणून बोटं कोणाकडे? माझ्याकडे!

सुगीचा दिवस आला. बाळाला कडेवर घेऊन, ओपेयेमी ओपेयेमी घोकत मी देवळाच्या पायऱ्या चढतोय, तर दारात फातोकी. काठी टेकून उभा. त्याच्यामागे गावातले झाडून सारे म्हातारे.

“ओयेवुमी, तू नाव बदलतोस म्हणे?”

“बदलतोय.”

“मग माझं काय?”

“तुझं काय, म्हणजे?”

“मूळ नाव तुझ्या घरचं. ते तूच पुसलंस, तर मृत्यूला कळेल आपण फसवलं ते. परत फिरेल. पहिलं घर माझं.”

मी म्हटलं, “अरे फातोकी, जन्ममरण देवाच्या हातात आहे, नावाच्या नव्हे! जन्मभर बरोबर बसून आपण हेच गायलो ना?”

तो म्हणाला, “मला ठाऊक आहे रे. पण माझ्या छातीला ठाऊक नाही.”

आणि काठी बाजूला घेऊन त्यानं मला वाट दिली हो... आता यावर कुठलं स्तोत्र म्हणणार?

पाळकबुवांनी पाण्यात हात बुडवला. विचारलं, “बाळाचं नाव?” मी फातोकीकडे पाहिलं. तो खांबाला टेकून, श्वास धरून उभा. आणि माझ्याच तोंडातून, माझ्याच आवाजात, स्पष्ट शब्दांत निघालं, “बाबारिमिसा.”

फातोकीनं श्वास सोडला. पाळकबुवा म्हणाले, “आता रीतीप्रमाणे, नावाचा अर्थ घेऊन बाळाला आशीर्वाद द्या.” नावाचा अर्थ घेऊन! काय म्हणू? मी सुरुवात केली, “हे प्रभो, या बाळाला पाहून...” आणि पुढचं मला सुचेना. मागच्या बाकावर पहिली खसखस पिकली, मग बायका, मग गाणारी मंडळी, मग दाराबाहेर तो मेला ढोल... पाळकबुवांनी तर झग्याची बाही तोंडात कोंबली. दार सताड उघडं होतं. माझे पाय शिवशिवत होते. पण पळू कसा हो? पळालो असतो तर नाव खरं झालं असतं! उभा राहिलो. अजून उभाच आहे.

तेव्हा मायबापांनो, ऐकलंत त्या सर्वांना ओलोदुमारे सुखात ठेवो. घराघरात पाळणे हलोत, लेकीसुना सुखरूप सुटोत, बाळांच्या जिभेवरचा मध कधी न सरो. चुलीवरचं अन्न पुरून उरो, दारचा पाहुणा हसत जावो, दुखण्यातले उठून बसोत. आणि तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना देव उदंड आयुष्य देवो, नाव काहीही असो... आमेन.