तिसाव्या किलोमीटरच्या पुढे

सकाळी नऊला फिजिओथेरपिस्टकडे माझ्या शेजारी एक मॅरेथॉनपटू आणि त्याची मोठी बहीण येऊन बसली.

“यंदाही अर्ध्यातच थांबणार?”

“ताई, माझं कामच ते. पुढच्यांना वेग लावून द्यायचा आणि तिसाव्या किलोमीटरला बाजूला व्हायचं.”

“आणि आई दरवर्षी शेवटच्या रेषेपाशी उभी राहून परक्यांसाठी टाळ्या वाजवते.”

“म्हणून तर आयोजकांना विचारलं. म्हणाले, तुझं काम झालं की पळ खुशाल पुढे.”

“मग चेहरा का पडलाय?”

“पडला नाही गं. तिथून पुढचा रस्ता मी कधी पाहिलाच नाही.”

“चढ आहे. आमची स्कूटर कुरकुरते तिथे.”

“धीर देतेयस की घाबरवतेयस?”

तो हसतच आत गेला. तिने फोन लावला.

“आई, यंदा तो शेवटपर्यंत येतोय म्हणे. उशीर होईल, पण निघू नकोस हं.”

शर्यत रविवारी आहे.