भिंतीवरचा रीस

कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या गोल्फ क्लबचा सेक्रेटरी लोर्न होता आणि त्याच्यापुढे आमच्याच क्लबमधून व्यावसायिक गोल्फपटू झालेल्या रीसची आई, अर्डिथ.

"रीसचा फोटो क्लबच्या भिंतीवरून उतरवला गं. कमिटीनं ठरवलं."

"का म्हणून?"

"आपली नेहमीची स्पर्धांची टूर सोडून जादा पैसे देणाऱ्या त्या बंडखोर टूरवर गेला. आता बंदीमुळे कॅनेडियन ओपनलाही दिसायचा नाही."

"उणे वीस अंशांच्या थंडीत एकटा बर्फात चेंडू मारायचा, तेव्हा कुठे होती तुझी कमिटी?"

"जुनं उकरू नकोस."

"बरं. उद्या येऊन फोटो परत लावते."

"आम्ही परत उतरवू."

"उतरवा. मी परत लावीन."

"असं किती दिवस चालणार, अर्डिथ?"

"बर्फात रुतलेले त्याचे चेंडू वेचायला दरवर्षी एप्रिलमध्ये बर्फ वितळेपर्यंत थांबायचे मी, लोर्न. एकही हरवू दिला नाही."