धोंडूदादाने पसंत केलेलं विमान

इंग्रजांच्या लढाईचा फंड गोळा करून मी पार विटलो होतो हो. कशेळ्याला तलाठी होतो तेव्हा. त्या दिवशी तालुक्याचे साहेब चावडीवर विचारत होते, "एकट्याने उडवायचं विमान स्वस्त. पाच जणांचं महाग, पण बॉम्ब जास्त नेतं. कोणत्यासाठी पैसे देता?"

गावचा शेतकरी धोंडूदादा बाजारात बैल पारखावा तसा विचारत सुटला. "खातंय किती? वळतंय कसं? आमच्या भाताच्या खाचरात थोराड बैल वळत नाय."

साहेब खूश झाले. "म्हणजे लहानच घ्यायचं?"

"लहानच घ्या, सायेब," दादा म्हणाला. त्याचा थोरला फौजेत होता आणि चार महिने पत्र नव्हतं. "पडलंच तर रडारड एकाच घरात व्हईल."