हवेत आवळलेला बोल्ट

मंडळी, ऐका. आज माझ्याकडे एकच प्रश्न आहे. माणूस शपथ घेतो. ‘उद्यापासून कुणावर ओरडणार नाही.’ अगदी मनापासून घेतो, डोळ्यांत पाणी येतं त्याच्या. आणि परवाच्या दिवशी घरात भांडं आदळतं! मग मला सांगा, ती शपथ खोटी होती का?

मागून कोण ‘हो’ म्हणालं? थांबा जरा, घाई नको. आणि पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमच्या घरचं मला ठाऊक आहे.

या प्रश्नाचं उत्तर मला पोथीत नाही मिळालं. मिळालं एका गॅरेजमध्ये. हो, गॅरेजमध्येच! ग्रीस, काळे हात, टायरचा वास. देव काय फक्त गाभाऱ्यातच बसतो की काय?

तर संगमेश्वराकडे एक गृहस्थ आहेत, दिगंबर सरपोतदार. औषधांचं दुकान. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, आणि या माणसाला हौस आली गाडीची. साधी गाडी नव्हे हो! स्पोर्ट्‌स गाडी. लालभडक, दोनच दारं, आणि इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे साष्टांग नमस्कार. बाहेर यायचं तर हात द्यायला माणूस लागतो. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “अहो, हिच्यात बसायचं की निजायचं?”

पण गाडी धावायची काय! आंबा घाटातल्या वळणांवर रस्त्याला अशी चिकटायची की बघत राहावं.

आणि एक दिवस गतिरोधकावर आवाज आला. चाकापाशी.

गाडी गेली सदाशिव तांबटांच्या गॅरेजमध्ये. हे सदाभाऊ म्हणजे दिगंबरांचे शाळेपासूनचे मित्र. एका बाकावरचे. वैजयंतीबाईंना सख्खा भाऊ नाही, तेव्हा राखी यांनाच. मुलगी तन्मयी यांना सदामामा म्हणते. तिचं लग्न ठरलेलं. बोहल्यावर नवरीच्या मागे मामा उभा राहतो ना? तो मान सदाभाऊंचा. त्यांनी फेटासुद्धा आणून ठेवला होता, आणि गिऱ्हाइकांना दाखवायचे.

दिगंबर म्हणाले, “सदा, गाडी खडखडते रे.”

सदाभाऊंनी गाडी लिफ्टवर चढवली. ही लिफ्ट नवीन बरं का. नारळ फोडून, हार घालून बसवलेली. बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर, चाकं लोंबतायत, आपण खाली आरामात उभे. त्याआधी बिचारे जमिनीतल्या खड्ड्यात उतरून काम करायचे.

आता थोडं समजून घ्या, अवघड नाही. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो. त्याच्या मुळाशी रबराची जाड बांगडी, तिला म्हणतात बुश. तिच्यातून बोल्ट जातो. चाक वर गेलं की रबर पिळवटतं, खाली आलं की परत जागेवर. दिवसभर हेच. सदाभाऊंनी पाहिलं, रबर फाटलेलं. नवं घातलं, बोल्ट कचकचून आवळला, गाडी उतरवली. आवाज बंद. दिगंबर खूश.

थोडे दिवस गेले. पुन्हा आवाज.

सदाभाऊंनी बोल्ट आणखी आवळला. पुन्हा आवाज. उघडून बघतात तर नवं रबर फाटलेलं! परत नवं घातलं, परत आवळलं. आता तुम्हीच सांगा, गिऱ्हाइकाच्या मनात काय येईल? तेच आलं. आणि दिगंबर ते बोलले कुठे? भर गॅरेजमध्ये, चार माणसांसमोर.

“सदा, नवं रबर इतक्यात फाटतं होय? जुना माल पुसूनबिसून घालतोस तू मला.”

“दिग्या, खोकं तुझ्यासमोर फोडलं.”

“खोक्यात काय होतं ते मला काय कळतंय? आणि ऐक, ज्याच्या हाताचा भरवसा नाही, तो माझ्या पोरीच्या मागे उभा राहायला नको. मामा दुसरा बघतो मी.”

अरेरे. गाडीचा आवाज कुठे आणि घाव कुठे! सदाभाऊ घरी गेले, जेवले नाहीत. तो फेटा त्यांनी कपाटात आत सारला. फार लागलं हो त्यांना.

इकडे गाडी परत वाजायला लागली. तेव्हा वैजयंतीबाई उठल्या. स्वतः गाडी घेतली आणि थेट गॅरेजमध्ये. काच खाली करून म्हणाल्या, “सदाभाऊ, ह्यांनी तुम्हाला काय सांगितलं? खडखडते?”

“हो ताई.”

“खडखडत नाही ती. कुरकुरते.”

सदाभाऊ म्हणाले, “त्यात फरक काय?”

“अहो, फरक काय म्हणजे? डब्यात लाडू कमी असले की डबा खडखडतो. सैल असतं ते खडखडतं. आणि आमचा झोपाळा कडीत तिरका अडकला की कुरकुरतो. अवघडलेलं कुरकुरतं. तुम्ही मेले आवळताय, आवळताय... आधीच अवघडलेल्याला आणखी!”

मंडळी, काय भाषा आहे आपली! यंत्राची कुरकुर आणि माणसाची कुरकुर, शब्द एकच. सासूबाई कुरकुरतात तेव्हा आपण काय करतो? आणखी आवळतो. असो, पुढच्या रांगेत बऱ्याच सासूबाई दिसतायत, मी आपला गाडीकडे वळतो.

सदाभाऊंना आता कुतूहल वाटलं. अवघडलंय? काय अवघडलंय? लिफ्टवर घ्यावी तर लाइट गेलेली. मग त्यांनी जुन्या खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या, गाडी तिथे आणली आणि स्वतः खाली उतरले. “ताई, उतरता का?” तर बाई म्हणाल्या, “एकदा शिरलेय मुश्किलीने, आता घरीच उतरेन.” म्हणजे बघा, गाडी चारही चाकांवर उभी, वर बाईंचं वजन. पूर्ण भार!

सदाभाऊंनी पाना लावला. बोल्ट सैल केला, आणि आतून आवाज आला, टक्! रबर आपसूक फिरलं आणि निवांत बसलं. कुणी ढकललं नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच, टक्! सदाभाऊंनी तिथेच, भार असतानाच, दोन्ही बोल्ट आवळले. बाई घाटापर्यंत जाऊन आल्या. चाकापाशी चिडीचूप.

पण सदाभाऊ स्वस्थ बसतात होय? लाइट आल्यावर गाडी लिफ्टवर घेतली. वर नेली, चाकं लोंबली, रबर पिळवटलेलं दिसलं. खाली आणली, रबर सरळ. वर, खाली. वर, खाली. बाई म्हणाल्या, “भाऊ, मला गरगरतंय.” त्या अजून आतच होत्या!

आणि लख्ख कळलं. इतके दिवस ते आवळत होते गाडी हवेत असताना. हवेत रबर निवांत असतानाच बोल्ट घट्ट. गाडी जमिनीवर आली, भार पडला, की रबराला जन्मभराचा पीळ. मग ते कुरकुरणार, फाटणार, दुसरं काय करणार? खड्ड्यात काम करायचे तेव्हा ही चूक होतच नव्हती. आणि साध्या, मऊ रबराच्या गाड्या बिचाऱ्या सोसत राहिल्या. ही कडक रबराची नखरेल, हिने तोंड उघडलं.

सदाभाऊ तसेच काळ्या हातांनी दुकानात गेले. “दिग्या, चूक माझीच होती. हवेत आवळत होतो.” आणि सगळं सांगितलं.

दिगंबरांनी विचारलं, “म्हणजे माल खरा होता?”

“खरा होता.”

“मग मी चार लोकांत बोललो ते...” दिगंबर उठून पुढे आले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी त्यांनी मित्राचे ते काळे हात धरले. म्हणाले, “सदा, पोरीच्या मागे तूच उभा राहा. माझं चुकलं रे.”

मंडळी, माल खरा होता! कळलं का? तुमचा पश्चात्ताप खरा असतो. डोळ्यांतलं पाणी खरं असतं. मग बिघडतं कुठे? तुम्ही शपथ आवळता कुठे? इथे! मृदंग चाललाय, उदबत्ती दरवळतेय, सून घरी, साहेब घरी, शेजारी घरी. चाकं लोंबतायत तुमची! इथे आवळता, ‘उद्यापासून रागावणार नाही.’ घरी उंबऱ्यात पाय ठेवला, भार आला, की कुरकुर. मग म्हणता भक्ती कमी पडली, आणि पुन्हा इथे येऊन आणखी घट्ट आवळता.

नका. आज इथे कुणी काही ठरवू नका. देवाचं नाव घ्या, प्रसाद घ्या, आणि जा. बाहेर अंधारात चपला शोधताना कुणाचा तरी पाय तुमच्या पायावर पडेल, जोरात पडेल. त्या क्षणी ठरवा.